खिळ्यावरचं कार्ड

१

रविवारी सकाळी साडेनऊला पहारेकऱ्यानं तळघरातल्या कोल्ड रूमचं दार उघडलं, तेव्हा काकू सर्वांत मागच्या कोपऱ्यात, खोक्यांच्या आडोशाला बसलेल्या होत्या. अंगावर नुसता पांढरा एप्रन. पायांभोवती फाडलेले पुठ्ठे, खांद्यांवर प्लॅस्टिकचा कागद. पंख्याचा वारा जिथे सर्वांत कमी लागतो ती जागा त्यांनी बरोबर शोधली होती. वीस वर्षं त्या खोलीत काम केलेल्या बाईलाच ती ठाऊक असणार. आत उणे वीस अंश तापमान होतं. पहारेकऱ्याच्या मागे काकूंची मुलगी उभी होती. तिनं एकदाच "आई" म्हटलं.

लसी साठवून पुढे पाठवणारी ती संस्था. काकू तिथल्या भांडारपाल; साहेबापासून झाडणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणत. चौकशी समिती बसली आणि चार दिवसांत तिचा निष्कर्षही तयार झाला. दाराच्या नोंदींप्रमाणे काकूंनी शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी स्वतःचं कार्ड लावून दार उघडलं होतं. दार मागे आपोआप बंद झालं. बाहेर यायला आतलं हिरवं बटण दाबावं लागतं, म्हणजे चुंबकी कुलूप सुटतं. ते सुटलं नाही, कारण बटणाची वायर निघालेली होती. आतली धोक्याची घंटा वाजते वरच्या मजल्यावरच्या कार्यालयात, आणि शनिवारी एकनंतर तिथे काकूंशिवाय चिटपाखरू नसतं. तेव्हा हा अपघात. आणि दोन आठवड्यांपूर्वी ज्यानं हे दार तपासून 'ठीक' अशी सही केली, त्याचा हलगर्जीपणा.

सही करणारा मापनबाईचा धाकटा भाऊ होता.

मापनबाई हे तिला धंद्यातल्या लोकांनी दिलेलं नाव. तराजू, तापमापक, दाबमापक खरं सांगतात की खोटं, हे तपासून ती प्रमाणपत्र देत असे. तिच्याकडून खोटा आकडा निघत नाही, हे पोलीस अधिकाऱ्यांना एका जुन्या प्रकरणापासून माहीत होतं. शुक्रवारी सकाळी त्यांनीच तिला फोन केला. समिती आज पाचला सही करणार, सही झाली की तळघराचं सील निघणार आणि धाकट्यावर गुन्हा दाखल होणार, असं त्यांनी सांगितलं.

"तोवर एकदा बघून जा," ते म्हणाले. "बहीण म्हणून नको. मापनबाई म्हणून या."

२

धाकटा पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसला होता. तीन दिवस दाढी नाही, आणि नेहमी कमरेला असणारी हत्यारांची पिशवी नाही. त्यामुळे तो अर्धा वाटत होता. त्यानं मान वर केली नाही.

तिनं सांत्वनात वेळ घालवला नाही. बटण तपासलं होतं का, एवढंच विचारलं. तो म्हणाला, तीनदा दाबून बघितलं होतं, तिन्ही वेळा कुलूप सुटलं. वायर ओढूनही पाहिली होती.

"मग असं तोंड पाडून का बसलायस?"

तो हाताच्या नखाशी खेळत राहिला. मग बोलला, आणि ते बटणाबद्दल नव्हतं. दाराबाहेर भिंतीवर कार्ड वाचणारा रीडर असतो. तो कोणी उघडला तर अलार्म वाजावा म्हणून आत एक छोटा खटका असतो. तळघरातल्या दमटपणानं तो खटका उगाचच वाजायचा. दार उघडं आहे की बंद, हे सांगणाऱ्या दुसऱ्या खटक्याचंही तेच. बर्फ धरला की तो काहीही सांगायचा. शेवटी व्यवस्थापक म्हणाले, ही कटकट एकदाची बंद कर. त्यानं दोन्ही खटक्यांच्या वायरी एकमेकींना जोडून टाकल्या. दार चालवणाऱ्या आणि नोंदी ठेवणाऱ्या पेटीला वाटणार, सगळं आलबेल. तपासणीच्या कागदावर त्यानं ते लिहिलं नव्हतं.

"सगळेच करतात, ताई."

"सगळ्यांचं मी विचारलं नाही."

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली. ते रीडर जुन्या पद्धतीचे आहेत. कार्डाचा नंबर रीडरकडून पेटीकडे जातो तो पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा, उघडा. मध्ये वायरीवर कोणी कान लावला तर त्याला तो कळतो, आणि नंतर तोच नंबर परत पाठवला तर पेटीला फरक समजत नाही. ती मुकाट्यानं दार सोडते. रीडर बदला असं त्यानं व्यवस्थापकांना तीनदा सांगितलं होतं. पुढच्या वर्षी बघू, एवढंच उत्तर.

निघताना ती दारापाशी पोचली तेव्हा तो मागून म्हणाला, "काकू मला दर खेपेला दोन लाडू द्यायच्या. एक खायला आणि एक घरी न्यायला."

बाहेर पायरीवर एक तरुण मुलगी बसली होती. तिनं मापनबाईला ओळखलं नाही, पण अधिकाऱ्यांनी ओळख करून दिली: काकूंची मुलगी. दुसऱ्या गावी राहते. शनिवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी आईशी तिचं शेवटचं बोलणं झालं होतं. तीनला निघते, असं आई म्हणाली होती. तीन वीसला मुलीनं फोन केला तर तो लागेना, संपर्काबाहेर. त्यानंतर सारखा तसाच. संध्याकाळी तिनं पहारेकऱ्याला फोन केला. तो म्हणाला, तळघरात कार्ड लटकवायचा खिळा रिकामा आहे, म्हणजे काकू गेल्या असणार.

मापनबाई थांबली. काकूंची खुर्ची वरच्या मजल्यावर होती, खिडकीशेजारी. तिथे फोन लागतो. न लागणारी जागा इमारतीत एकच, जाड पत्र्याच्या भिंतींची.

चार दहाला जी बाई कोल्ड रूममध्ये शिरली, तिचा फोन तीन वीसलाच बंद कसा पडला होता?

३

तळघराच्या बोळात दिव्यांचा पांढरा उजेड होता आणि यंत्राची घरघर. दारावर सील. बाजूला स्टुलावर एक पोलीस शिपाई बसला होता. सोमवारपासून त्याची इथे पहाऱ्याची पाळी होती आणि तो बोलायला माणूस शोधत होता.

"या जागेत काहीतरी आहे बघा," तो अर्धवट हसत म्हणाला. "रोज दुपारी माझा चहा झाला की टक्क असा आवाज येतो. दारातून. मी आता कपबशी ठेवली की कान बंद करतो."

अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

दाराच्या वर, हाताला येईल अशा उंचीवर, बटणाच्या जोडणीची लहान डबी होती. मापनबाईनं अधिकाऱ्यांसमोर तिचं झाकण काढलं. निघालेली वायर तशीच लोंबत होती. ती भिंगातून बघत राहिली, वायरीकडे कमी आणि ती जिथे असायला हवी त्या स्क्रूकडे जास्त.

"हा फिरवून बघा," तिनं अधिकाऱ्यांच्या हातात पेचकस दिला.

स्क्रू हलला नाही. तळापर्यंत आवळलेला होता.

वायर आपोआप निघते ती स्क्रू ढिला झाल्यामुळे, तिनं सांगितलं. इथे वायर नाही आणि स्क्रू मात्र गच्च आहे. कोणीतरी तो सैल केला, वायर काढली आणि सवयीनं परत आवळला. हे काम बर्फानं होत नाही, हातानं होतं.

अधिकारी हळूच म्हणाले, "हात तुमच्या भावाचाही असू शकतो."

"हो," ती म्हणाली. "असू शकतो."

दाराच्या उजव्या बाजूला भिंतीत एक मोठा खिळा होता. पहारेकऱ्याला बोलावलं तेव्हा त्याचा अर्थ समजला. तीन वर्षांपूर्वी काकू स्वतःच आत वीस मिनिटं अडकल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी पद्धत पाडली: आत जाणाऱ्यानं आपलं कार्ड बाहेर खिळ्यावर लटकवायचं. दुसऱ्याच्या मागोमाग गेलात तरी आपलं कार्ड खिळ्यावर. जाणारा-येणारा खिळा बघतो, कार्ड दिसलं की दारावर दोन थापा मारतो.

"दार कार्डावर चालतं बाई, आमचा भरवसा खिळ्यावर," पहारेकरी म्हणाला. तो साठीचा होता, आणि गेले पाच दिवस आपल्याला कोणीतरी धरून नेणार या भीतीत वावरत होता. चार दहाला इमारतीत तो एकटाच होता. शिवाय, फेऱ्या चुकवतो म्हणून काकूंनी त्याची तक्रार केलेली सगळ्यांना ठाऊक होती. "पण शनिवारी मी तीनलाही आलो होतो आणि पाचलाही. खिळा रिकामा. पोरीची शपथ."

काकूंचं कार्ड मग खिळ्याखाली, हातमोज्यांच्या खोक्यामागे सापडलं होतं. समितीचं म्हणणं, ते खिळ्यावरून घसरून पडलं, म्हणून पहारेकऱ्याला दिसलं नाही. कार्ड अधिकाऱ्यांपाशी सीलबंद पाकिटात होतं. फोटो त्यांनी दाखवला. गळ्यात घालायची निळी फीत कार्डाभोवती पाच-सहा वेढ्यांत नीट गुंडाळलेली, आणि टोक आत खोचलेलं.

मापनबाईनं फोटो परत दिला. "खिळ्यावर लटकतं ते फितीनं. गुंडाळलेलं कार्ड लटकवणार कसं?"

तेवढ्यात जिन्यावरून व्यवस्थापक उतरले. नीटनेटका, मृदू बोलणारा माणूस. शनिवारी दुपारी एक तेहेतीसला ते स्वतः साठा बघायला आले होते, दारातूनच नजर टाकली आणि दोनच्या आत फाटकाबाहेर पडले. फाटकाच्या कॅमेऱ्यात ते दिसतही होतं. काकूंबद्दल ते हळहळून बोलले. मग भिंतीकडे बोट करून म्हणाले, "सील केव्हा निघेल? ती तापमानाची चकती दर सोमवारी आठला मी बदलतो. राहून गेली. आता एका रेघेवर दुसरी चढतेय, सगळा कागद वाया जाणार."

बोलता बोलता त्यांनी गळ्यातलं कार्ड काढलं होतं. त्याची फीत ते बोटांनी कार्डाभोवती गुंडाळत होते. पाच वेढे, सहा वेढे. मग टोक आत खोचलं आणि कार्ड खिशात टाकलं.

४

संस्थेचे प्रमुख डॉक्टर हेच समितीचेही अध्यक्ष होते. टेबलावर अहवाल सहीसाठी तयार पडला होता. शनिवारी बारा चाळीसला तेही कोल्ड रूममध्ये गेले होते, एक नमुना आणायला. बारा पन्नासला बाहेर आले, एकला घरी.

"बाहेर कसे आलात?" मापनबाईनं विचारलं.

"म्हणजे? बटण दाबून."

"आणि कुलूप सुटलं?"

डॉक्टर उत्तर द्यायला लागले आणि मध्येच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरून हळूहळू काहीतरी उतरत गेलं. समितीनं त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता. समितीचे अध्यक्ष तेच असल्यामुळे त्यांनी स्वतःलाही तो विचारला नव्हता.

बटण बारा पन्नासला ठणठणीत होतं. धाकटा त्या दिवशी इमारतीत आलाच नव्हता. फाटकाच्या वहीत त्याची नोंद नाही, कॅमेऱ्यातही नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, कारण तिचा अर्थ मला लागला नव्हता. गेल्या शुक्रवारी काकू आल्या होत्या. सोमवारी तुम्हाला एक गोल कागद दाखवायचाय, म्हणाल्या. मी घाईत होतो. "बरं" म्हटलं.

खाली पायरीवर मुलगी अजून बसली होती. मापनबाई तिच्या शेजारी जाऊन बसली. आईनं कधी गोल कागद दिला होता का?

मुलीनं पिशवीतून एक पुस्तक काढलं. त्यात चार घड्या घातलेला, मध्ये फाटलेला कागद होता. मागच्या महिन्यात आईनं तो दिला होता. नीट ठेव, कचऱ्याच्या टोपलीतून काढलाय, असं सांगून. मापनबाईनं तो गुडघ्यावर पसरला. थाळीएवढी चकती, बारीक वर्तुळं छापलेली, कडेला आठवड्याचे वार. निळी रेघ उणे विसाच्या वर्तुळावरून शांतपणे चालत आलेली. आणि मग एका गुरुवारी ती वर चढली होती. शून्याच्या पलीकडे, अधिक नवापर्यंत. अकरा तास.

अकरा तास यंत्र बंद पडलं होतं. आतल्या सगळ्या लसी वितळून निकामी झाल्या होत्या. नंतर त्या पुन्हा गोठल्या आणि पाठवल्या गेल्या. चकती दर सोमवारी कोण बदलतो, हे तिला नुकतंच समजलं होतं.

ती उठली. तिला भिंतीवरची चकती बघायची होती. तिच्यावर शनिवार होता.

५

तापमान नोंदवणाऱ्या यंत्राच्या काचेआड पेन सरकत होतं, इतकं सावकाश की सरकताना दिसू नये. एका तासाला सुमारे पावणेचार मिलिमीटर. सात दिवसांची फेरी सोमवारी सकाळी पूर्ण झाली होती आणि आता पेन दुसऱ्या फेरीत जुन्या रेघेवर नवी रेघ काढत चाललं होतं. शुक्रवारची दुपार त्यानं गिळत आणली होती. उद्या दुपारी दीडला ते गेल्या शनिवारच्या दीडवरून जाणार होतं.

शनिवारचा भाग अजून कोरा, एकाच रेघेचा.

दार उघडलं की बाहेरची ऊब आत शिरते आणि रेघेला लहानसा उंचवटा येतो. पेनला कार्ड कळत नाही, नाव कळत नाही. ऊब तेवढी कळते. तिनं पट्टी लावली, भिंग धरलं आणि अधिकाऱ्यांना एकेक आकडा सांगत गेली. पहिला उंचवटा बारा चाळीसच्या सुमाराचा, डॉक्टर आत गेले तो. त्याला लागून दुसरा, बारीक, ते बाहेर आले तो. त्यापुढे अडीच-तीन मिलिमीटरवर आणखी एक. दीडच्या आसपास.

त्यानंतर रेघ सपाट होती. दोन वाजता सपाट, तीनला सपाट. चार दहाला सपाट. रविवारी साडेनऊपर्यंत तिच्यावर केसाएवढाही चढ नव्हता.

"चार दहाला दार उघडलंच नाही," अधिकारी म्हणाले.

"कार्डाचा नंबर आला. कुलूप सुटलं. दार कोणी ढकललं नाही."

"मग कार्ड लावलं कोणी?"

तिनं रीडरकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी शिपायाला जिन्याकडे पाठवलं आणि मान हलवली. खालचे दोन स्क्रू काढून तिनं रीडर भिंतीपासून अलगद पुढे ओढला. अलार्म वाजला नाही. तो वाजणार नव्हता, तिच्या भावानं त्याची सोय करून ठेवली होती. मागे वायरींच्या जुडग्यात नखाएवढा एक हिरवा तुकडा चिकटवलेला होता. त्याचे पाय रीडरच्या दोन वायरींना टोचलेले. शेजारी बटणासारखी एक बॅटरी.

ऐकणारा आणि परत बोलणारा तुकडा. तिनं भिंग जवळ नेलं.

तुकड्यावर कागदाची चिकटपट्टी होती आणि तिच्यावर निळ्या शाईत एक शब्द लिहिला होता: 'नमुना'. पहिल्या अक्षराची गाठ उलटी. ते अक्षर तिनं लहानपणी पाटीवर गिरवून घेतलं होतं आणि ती गाठ तिला कधीच सुधारता आली नव्हती.

ते धाकट्याचं अक्षर होतं.

६

पोलीस ठाण्यात फोन लावला तेव्हा धाकटा रडला. रीडर किती कच्चे आहेत हे व्यवस्थापकांना पटावं म्हणून त्यानं तो तुकडा बनवून नेला होता, त्यांच्यासमोर चालवून दाखवला होता. ते म्हणाले होते, राहू दे माझ्याकडे, वर दाखवतो.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"मी शिकवलं असं झालं असतं, ताई."

तिनं फोन ठेवला. रीडर तुकड्यासकट होता तसा परत बसवला. मग नोंदींच्या पेटीपाशी जाऊन तिनं एक साधी गोष्ट केली, जी पाच दिवसांत कोणी केली नव्हती. समितीनं नोंदी छापून घेतल्या होत्या त्या रविवारी दुपारी बाराला. तिनं त्यानंतरच्या वाचल्या. वाचून झाल्यावर घड्याळ पाहिलं आणि अधिकाऱ्यांना म्हणाली, सगळ्यांना चारला खाली बोलवा.

डॉक्टर आले, पहारेकरी आला. व्यवस्थापक आले ते अहवालाची प्रत हातात घेऊनच. सही वर करायची की इथेच, असं त्यांनी विचारलं. शिपायानं आपला चहा संपवला, कपबशी स्टुलाखाली ठेवली आणि कसनुसा झाला.

मापनबाईनं अधिकाऱ्यांना काकूंचं सीलबंद पाकीट वर धरायला सांगितलं. कोणीही दारापासून चार पावलांच्या आत येऊ नये, असं सांगितलं. मग ती घड्याळाकडे बघत राहिली. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

चार वाजून दहा मिनिटांनी दारात टक्क झालं.

रीडरचा लाल दिवा हिरवा झाला. पेटीच्या लहान पडद्यावर एक नंबर उमटला. अधिकाऱ्यांनी तो वाचला, मग पाकिटावरचा वाचला. दोन्ही एकच होते.

"रविवारी, सोमवारी, मंगळवारी, रोज," मापनबाई म्हणाली. "ज्यानं हे लावलं त्याला चार दहा ही वेळ सांगायची होती. पण या घड्याळाला वार कळत नाही, वेळच कळते. सोमवारी सकाळी चकती बदलताना हेही काढून घ्यायचं, असा बेत होता. मुलगी रविवारीच आली आणि दाराला सील लागलं."

व्यवस्थापकांचा आवाज अजूनही मृदू होता. "बाई, भावासाठी तुमचा जीव तुटतो, समजू शकतो. पण त्या चिपवर अक्षर कोणाचं आहे ते आधी बघा."

दिवा पुन्हा लाल झाला होता.

"कोणत्या चिपवर?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "बाईंनी 'हे' म्हटलं. हे म्हणजे काय आणि ते कुठे आहे, ते या बोळात आम्ही दोघं सोडून कोणाला माहीत नाही."

मग तिनं क्रमानं सांगितलं, एखाद्या काट्याची चूक सांगावी तसं. एक वीसला काकू मुलीशी बोलल्या, म्हणजे तेव्हा बाहेर होत्या. तीन वीसला फोन लागला नाही, म्हणजे आत होत्या. मधल्या वेळात दार एकदाच उघडलं, एक तेहेतीसला, व्यवस्थापकांच्या कार्डानं. बारा पन्नासला चालणारं बटण एक तेहेतीसच्या आधी त्यांनी निकामी करून ठेवलं होतं. वितळलेल्या मालाचाच काही बहाणा सांगितला असेल. कोट घालायचीही गरज नाही, मी दार धरतो, एक मिनिटाचं काम. काकूंनी सवयीनं आपलं कार्ड खिळ्यावर लावलं आणि आत गेल्या. दार धरणाऱ्यानं ते सोडून दिलं. पण खिळ्यावरचं कार्ड तीनच्या फेरीत पहारेकऱ्याला दिसलं असतं. म्हणून ते काढून, पडलंसं वाटावं असं खोक्यामागे टाकलं. टाकण्याआधी मात्र बोटांनी त्यांची नेहमीची सवय केली.

सगळ्यांच्या नजरा व्यवस्थापकांच्या हातांकडे गेल्या. कार्ड त्यांच्या हातात होतं आणि फितीचे चार वेढे पडलेले होते.

त्यांनी बोटं थांबवली. "त्या लसी जाऊन पोचल्याही होत्या," ते म्हणाले, आणि हे जणू त्यांच्या बाजूचं काही असावं असं म्हणाले. "परत मागवून काय होणार होतं? लोकांचा सगळ्यावरचाच विश्वास उडाला असता. त्यांना मी किती समजावलं."

शिपायानं त्यांचा दंड धरला. जिन्यावर पावलं वाजली आणि दूर गेली.

डॉक्टर मात्र हलले नव्हते. ते दाराकडे बघत होते. "म्हणजे शनिवारी चार दहाला," ते म्हणाले, "कुलूप सुटलं होतं. किती वेळ?"

"पाच सेकंद."

"आणि काकू तेव्हा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. शवचिकित्सेचा कागद त्यांनी वाचलेला होता. मृत्यू पाच ते सातच्या दरम्यान.

काकू मागच्या कोपऱ्यात बसल्या होत्या, वारा चुकवून. पंख्याच्या आवाजात हे टक्क तिथे ऐकू जात नाही. मापनबाईनं ते दुपारीच, अधिकाऱ्यांकडून सील काढवून घेऊन, आत उभं राहून ऐकून पाहिलं होतं, मोबाइलवर तसाच आवाज दारापाशी लावून. डॉक्टरांनी विचारलं म्हणून तिनं हे सांगितलं, नाहीतर ती बोलली नसती. पण तिनं लिहिलं असतं.

७

सहा वाजता धाकट्याला सोडलं. मापनबाईनं आपलं चार पानांचं निवेदन अधिकाऱ्यांना दिलं होतं. बटणाच्या बाबतीत भाऊ निर्दोष, असं पहिल्या पानावर होतं. तिसऱ्या पानावर खटक्यांच्या जोडलेल्या वायरी होत्या, कोणी जोडल्या तेही होतं. धाकट्यानं ते पान वाचलं आणि शेजारी स्वतःची सही केली. त्याचा परवाना बहुतेक जाणार होता.

दोघं चालत निघाली. उजेड अजून होता, दुकानं उघडी होती. धाकटा रस्त्याकडे बघत म्हणाला, "तो अलार्म मी बंद केला नसता, तर तुकडा बसवताना वाजला असता."

"हो."

"आणि काकू वाचल्या असत्या."

तिच्या तोंडाशी दोन-तीन उत्तरं आली. व्यवस्थापकानं दुसरं काहीतरी शोधून काढलं असतं, असं म्हणता आलं असतं. दोष तुझ्या एकट्याचा नाही, हेही म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण त्यानं जे विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं.

"बहुतेक," ती म्हणाली. मग ते तिला पुरेसं अचूक वाटलं नाही. "हो."

त्यानं मान हलवली. पुढच्या कोपऱ्यावर एक दवाखाना होता. त्याच्या औषधांच्या खोलीचं दार धाकट्याच्याच देखभालीत होतं. तो त्यासमोर थांबला.

"इथेही जोडल्यात."

"एकूण किती ठिकाणी?"

"अकरा."

त्याची हत्यारं अजून पोलिसांकडे होती. तिनं पर्समधून आपला पेचकस काढून त्याच्या हातावर ठेवला. आत जाऊन तो दवाखान्याच्या बाईंशी दोन वाक्यं बोलला, रीडरचे स्क्रू काढले, आणि मागे हात घालून वायरींची ती गाठ सोडवली. त्यासरशी अलार्म किंचाळायला लागला. बाकावरचे रुग्ण दचकून उठले. दवाखान्याच्या बाई कानांवर हात ठेवून त्याला म्हणाल्या, अहो, बंद करा की.

तो रीडर हातात धरून तसाच उभा राहिला. अलार्म वाजत होता. त्यानं तो पूर्ण वाजू दिला.